५२ − ३८ = २६ : वजाबाकीत अडलेल्या मुलाला सोडवायची पायरीवार रीत

दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या वहीत ५२ − ३८ = २६ दिसलं की घरात ठरावीक गोष्टी घडतात. कुणीतरी "डोकं कुठंय तुझं?" म्हणतं, कुणीतरी तसलीच वीस गणितं घालून देतं, आणि महिन्याभरात क्लास लागतो. यातल्या कशानेच फरक पडत नाही, कारण २६ हे उत्तर मुलाने ठोकून दिलेलं नसतं, ते नियमाने आलेलं असतं. नियम चुकलेला आहे, पण मूल तो चोख पाळतंय. वीस गणितं दिलीत की तोच नियम वीस वेळा घोटला जातो.

मी संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या मुलांची गणितं घेते. पालक येतात ते निदान हातात घेऊनच: "याला गणितात गतीच नाही." हल्ली त्याची एक नवी आवृत्तीही ऐकू येते: "त्याची बुद्धिमत्ता वेगळी आहे हो, संगीताची." हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारच्या असतात अशी कल्पना मांडली, तिचा हा घरगुती अर्थ. बुद्धिमत्ता एक माना की आठ, भाजीवाल्याला ५२ रुपयांतले ३८ देऊन किती उरले हे सगळ्यांनाच कळावं लागतं. तेव्हा हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. क्रम बदलला की काम फसतं.

## तयारी

साठ-सत्तर सारख्या लांबीच्या काड्या लागतील. आईस्क्रीमच्या चालतील, नाहीतर खराट्याचे हीर तोडून घ्या. भाजीच्या जुड्यांना येतात ते रबर बँड, मूठभर चिंचोके, चौकटीची वही, पेन्सिल आणि मुलाची जुनी गृहपाठाची वही एवढं जवळ असलं की झालं. खोडरबर मात्र लपवून ठेवा. खोडलेलं उत्तर म्हणजे हरवलेला पुरावा.

वेळ रोज वीस मिनिटं. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा आठवड्यातले पाच दिवस वीस-वीस मिनिटं केव्हाही बरी.

सावधान : शिकवणारं माणूस एकच असू द्या. पुष्कळ घरांत आजोबांची रीत वेगळी असते: "बारातून आठ गेले चार, हातचा एक. तीन नि एक चार, पाचातून चार गेले, एक. चौदा." वरच्या एककात दहा घातले म्हणून खालच्या दशकात एक घालायचा. उत्तर बरोबर येतं, रीतीतही काही खोट नाही. पण शाळेतल्या रीतीत वरचा एक दशक सोडून त्याचे दहा सुटे करतात, म्हणून वरच्या ५ चा ४ होतो. दोन्ही रीती एकाच आठवड्यात कानावर पडल्या की मूल त्यांची खिचडी करतं: वर ४, खालीही ४, आणि उत्तर ०४. वहीत असलं '०४' दिसलं की समजायचं, घरात दोन मास्तर आहेत.

## पायरी १ : चुका गोळा करा, दुरुस्त करू नका

ही दहा गणितं आडवी लिहून द्या, मांडणी मुलाला करू दे:

४८ − २३, ५२ − ३८, ६० − २७, ३५ − ७, ८६ − ३२, ७१ − ४६, ९० − ५४, ४३ − ९, ५७ − ५, ६४ − २८

कंटाळा आला तर दोन बैठकांत करा. मदत नाही, "नीट बघ" नाही, चेहऱ्यावरही काही नाही. मग उत्तरं वाचा.

- ५२ − ३८ = २६. एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला, वर कोण आणि खाली कोण हे पाहिलंच नाही. ही चूक सगळ्यांत जास्त भेटते.
- ५२ − ३८ = २४. दशक सोडून १२ केले, पण वरचे ५ तसेच राहिले. रीत अर्धी पाठ आहे, तिचा अर्थ पोचलेला नाही.
- ५२ − ३८ = १५. रीत ठीक आहे, मागे मोजताना घसरलं. १२ पासून आठ मागे जाताना सुरुवातीचा १२ सुद्धा मोजला.
- ६० − २७ = ४७ किंवा ४०. शून्यापाशी घोटाळा. ४७ वाल्याने सातातून शून्य वजा केलं. ४० वाला म्हणतो, शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य.
- ३५ − ७ = ४५. सात दशकाच्या घरात मांडला, आणि वर पहिल्या प्रकारची चूकही केली.
- ४८ − २३ = ७१. बेरीज केली. बहुतेक वेळा चिन्हाकडे लक्ष नव्हतं एवढंच. पुन्हा पुन्हा झालं तरच मनावर घ्या.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास छापला. त्यांनी या चुकांना कॉम्प्युटर प्रोग्रॅममधल्या 'बग'सारखं धरलं, कारण मुलाचा चुकीचा नियम एकदा हाती लागला की न दिलेल्या गणिताला ते काय उत्तर देईल हेही आधी सांगता येतं. हे तुम्हीही करून पाहा. ८३ − ४७ देण्याआधी मुलाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. पहिल्या प्रकारची चूक असेल तर ४४ येईल. आलं, की नियम सापडला.

तपासणी : एकच चूक तीन-चार गणितांत दिसली तर तो नियम. एकदाच दिसली तर ती निसटलेली नजर, तिच्यामागे लागू नका.

## पायरी २ : "कसं केलंस?"

इथे बहुतेक पालक घाई करतात, म्हणून एक प्रसंग सांगते. तिसरीतली एक मुलगी, समोर तेच ५२ − ३८ = २६.

"कसं केलंस सांग मला."

"आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन."

"आठ आधी का घेतलेस?"

"बाई म्हणाल्यात ना, मोठ्यातून लहान वजा करायचं. आठ मोठे आहेत." आणि माझ्याकडे अशी बघितली, की एवढंही कसं कळत नाही हिला.

बाईंचं वाक्य पहिलीत बरोबरच होतं. ते सबंध संख्येबद्दल होतं, मुलीने ते एकक-दशकाच्या प्रत्येक घराला लावलं. यात डोकं कमी पडलं कुठे? उलट तिने एक नियम घेऊन नव्या ठिकाणी लावून पाहिला.

विचारताना आवाज साधा ठेवा, आणि बरोबर आलेल्या उत्तरांनाही तोच प्रश्न विचारा. नाहीतर "कसं केलंस?" म्हणजे "चुकलंय" हे मूल दोन दिवसांत ओळखतं आणि घाबरून काहीही सांगू लागतं.

## पायरी ३ : खालच्या पायऱ्या घट्ट आहेत ना?

वजाबाकीत अडलेलं मूल पुष्कळदा वजाबाकीच्या खाली कुठेतरी अडलेलं असतं. तीन गोष्टी पाहा.

चिंचोके. बारा चिंचोके ओळीत मांडून मोजायला सांगा. मग त्याच्यासमोरच ते फाकवून मोठी ओळ करा. "आता किती?" मूल न मोजता "बाराच की" म्हणालं तर पुढे जा. पुन्हा मोजू लागलं, किंवा "जास्त झाले" म्हणालं, तर मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे अजून बसलेलं नाही. ही तपासणी जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाची. सातव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांना हे जमतं. ते जमल्याशिवाय दशक सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी जादू, कारण तिथेही मांडणीच बदलते.

ऐकून लिहिणं. मराठी मुलांची खरी अडचण इथे असते, आणि ती कुणी तपासतच नाही. आपण बेचाळीस म्हणताना 'बे' आधी म्हणतो आणि चाळीस नंतर, पण लिहिताना ४ आधी. म्हणून मूल २४ लिहितं. त्यात एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात वीस नि नऊ. एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा, आणि तिची सवय होते न होते तोच नव्याण्णव वेगळंच येतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची हीच अडचण समजावून सांगत होत्या. तो बदल कुणाला आवडो न आवडो, अडचण खरी आहे.

या जोड्या उलटसुलट क्रमाने सांगून लिहून घ्या: चोवीस आणि बेचाळीस, छत्तीस आणि त्रेसष्ट, सत्तावन्न आणि पंच्याहत्तर. मग एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर. तीनपेक्षा जास्त चुकले तर वजाबाकी थांबवा. आठवडाभर रोज पाच मिनिटं संख्या सांगायची, मुलाने गठ्ठे आणि सुट्या काड्या उचलून दाखवायच्या, मगच लिहायची. बोलताना "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन" असं दोन्ही म्हणा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना घरी बेचाळीस आणि शाळेत फॉर्टी टू असा आणखी एक फेरा पडतो. त्यांच्याशी या काळात एकाच भाषेत अंक बोला.

दहाच्या जोड्या. "सातला दहा व्हायला किती?" असे दहा प्रश्न. बोटं न वापरता, पटापट. ही जोडी सहाव्या पायरीला लागणार आहे.

## पायरी ४ : काड्या. इथेच वेळ द्या

ही पायरी पालक एका संध्याकाळी उरकतात. हिला आठवडा द्या, जमलं तर दहा दिवस.

दहा-दहाचे गठ्ठे मुलानेच मोजून बांधायचे. तयार गठ्ठा हातात आला तर त्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास असेलच असं नाही. मग बावन्न मांडायला सांगा: पाच गठ्ठे, दोन सुट्या. "यातून मला अडतीस दे."

तीन गठ्ठे देऊन होतील. आता आठ सुट्या हव्यात आणि आहेत दोन. इथे गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा. ही शांतता पालकांना सोसत नाही, हात आपोआप रबर बँडकडे जातो. नेऊ नका.

व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं एक म्हणणं या क्षणी कामाला येतं: मूल एकट्याने जिथवर जातं आणि थोड्या मदतीने जिथवर पोचतं, त्या दोन टोकांच्या मधल्या जागेत शिकणं घडतं. म्हणून मदत थेंबाथेंबाने द्या. आधी "किती हव्यात?" नाही जमलं तर "आणखी काड्या कुठे आहेत?" तरीही नाही तर "गठ्ठ्यात काय आहे?" रबर मात्र मुलाच्याच हाताने सुटला पाहिजे.

रबर सुटला की लगेच थांबवून विचारा: "आता सगळ्या मिळून किती काड्या आहेत?" एकही काडी देण्याआधी बावन्न मांडून, एक गठ्ठा सोडून हाच प्रश्न वेगळाही विचारा. चार गठ्ठे आणि बारा सुट्या. पुष्कळ मुलं "बासष्ट" म्हणतात, काही सगळ्या पुन्हा मोजतात. न मोजता, थोडं वैतागून, "बावन्नच!" येईपर्यंत पुढे जायचं नाही. वरच्या ५ चा ४ का होतो, याचं सगळं उत्तर या एका "बावन्नच"मध्ये आहे.

शेवटी ६० − २७ काड्यांनी करा. सुटी एकही नाही, म्हणजे गठ्ठा सोडावाच लागतो. शून्याचा घोटाळा इथे बोलल्याशिवाय मिटतो.

सावधान : नोटा-नाणी चांगली, पण काड्यांनंतर. दहाच्या नोटेच्या आत दहा रुपये दिसत नाहीत, गठ्ठ्यात काड्या दिसतात.

## पायरी ५ : एक हालचाल, एक खूण

वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतही तो दिसतो. चित्राला एक-दोन दिवस पुरतात: गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुटीसाठी ठिपका, सोडलेल्या रेघेवर काट आणि बाजूला दहा ठिपके.

मग काड्या डावीकडे, वही उजवीकडे. मुलाने गठ्ठा सोडला की लगेच वहीत ५ वर काट आणि वर ४, २ वर काट आणि वर १२. सुट्यांतून आठ दिल्या की खाली ४. गठ्ठ्यांतून तीन दिले की १. काडी हलल्याशिवाय पेन्सिल हलायची नाही.

यावेळी सुरुवात एककापासून. काड्यांमध्ये गठ्ठे आधी दिले तरी चालत होतं, वहीत नाही चालत. मूल "का?" विचारेल. त्याला एकदा गठ्ठ्यांकडून सुरुवात करून लिहू द्या. खाली लिहिलेला २ खोडून १ करावा लागतो हे दिसलं की कारण त्याचं त्यालाच सापडतं.

शब्द जपून वापरा. "शेजाऱ्याकडून उसना घेतला" म्हणू नका, "एक दशक सोडला" म्हणा. एका मुलाने मला विचारलं होतं, "मग परत कधी द्यायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तपासणी : काड्या झाकून ठेवा आणि नुसत्या वहीतल्या ४ आणि १२ कडे बोट दाखवून विचारा, "हे काय आहे?" "चार गठ्ठे आणि बारा सुट्या" आलं तर काड्या डब्यात. "बाईंनी सांगितलंय असं लिहायचं" आलं तर पायरी ४.

## पायरी ६ : १२ − ८ वेगळं पक्कं करा

रीत कळली तरी काही मुलं मध्येच हरवतात. बारातून आठ बोटांवर मोजून होईपर्यंत आपण कुठल्या गणितात होतो तेच मूल विसरतं. डोक्यात एका वेळी धरून ठेवायची जागा मोठ्यांचीही तुटपुंजी असते, मुलांची आणखी लहान. ती मोजण्यात खर्च झाली की रीतीला उरत नाही.

उपाय साधा आहे. अठरापर्यंतच्या वजाबाक्या तोंडी, रोज पाच मिनिटं, मोठ्या गणितापासून अलग. पाठ करून नव्हे, दहावरून: आठला दहा व्हायला दोन, दहापासून बारापर्यंत दोन, म्हणून चार. मागे मोजायची गरज संपते आणि पहिल्या पायरीतला '१५' आपोआप जातो.

पाढ्यांची उजळणी या कामाला येत नाही. दोन ते दहाचे पाढे धडाधडा म्हणणारी मुलंही २६ लिहितात.

## पायरी ७ : मिसळा

एका पानावर सगळी हातच्याचीच गणितं दिलीत तर मूल न बघता दशक सोडत सुटतं. ८६ − ३२ मध्येही सोडेल. म्हणून सोडावा लागणारी, न लागणारी, शून्यवाली आणि अधूनमधून बेरजेची अशी मिसळ करा. प्रत्येक गणिताआधी एकच प्रश्न: "गठ्ठा सोडावा लागेल का?" आठवड्यातून एकदा नुसतं हे हो-नाही करून घ्या, सोडवायचंही नाही.

उत्तर आल्यावर मुलाने स्वतः पडताळायचं: १४ आणि ३८ मिळून ५२ होतात का? २६ आणि ३८ मिळून ६४ होतात, म्हणजे २६ गेलं. चूक आहे हे तुमच्या तोंडून कळण्यापेक्षा बेरजेतून कळलेलं बरं.

शाब्दिक उदाहरणांत एक सापळा आहे. "माझ्याकडे ५२ गोट्या, तुझ्याकडे ३८. माझ्याकडे किती जास्त?" 'जास्त' शब्द पाहून मुलं बेरीज करतात. शब्दांवरून क्रिया ओळखायला शिकवूच नका, गोट्या मांडायला सांगा.

## बोलायचं काय

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी बनवली ती पॅरिसच्या शाळांत कुणाला जादा मदत लागेल हे शोधायला. बुद्धी ठरलेली असते, ती वाढत नाही, या समजाला बिनेचा सक्त विरोध होता. आपण मात्र गणिताच्या वहीवरून तोच निकाल देतो.

"हुशार आहेस" हेही जपून म्हणा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेली पाचवीची मुलं अवघड कोड्यांत अडल्यावर लवकर खचली. कष्टांची स्तुती झालेली तेवढी खचली नाहीत. म्हणून केलेल्या कामाचं नाव घ्या: "बेरीज करून पाहिलीस ते बरं केलंस." पण नुसत्या उत्तेजनावर भिस्त नको. बुद्धी वाढते हे मुलांना समजावण्याचा अमेरिकेतला नववीवरचा मोठा प्रयोग २०१९ साली छापून आला. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. "तुला जमेल" म्हणताना समोर काड्याही हव्यात.

## तज्ज्ञाकडे कधी

दोन-तीन महिने नेमाने करूनही मूल पाच वस्तू पाहून मोजल्याशिवाय सांगू शकत नसेल, ३८ मोठे की ५२ यात अडखळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग बालमानसतज्ज्ञ. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजण्यातलीच अध्ययन अक्षमता, असू शकतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात.

तिथे बुद्ध्यंकही काढतील. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेच्या चाचणीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली बिने-कामत चाचणी प्रसिद्ध आहे. चाचणी कोणती वापरली, तिचे निकष कधीचे, हे विचारायला लाजू नका. जुन्या निकषांवर आजच्या मुलांचा आकडा फुगतो. आणि अहवालात आकड्यापेक्षा कुठल्या उपचाचणीत मूल अडलं ते वाचा.

बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्तेचा तक्ता देणारे शाळांच्या मेळाव्यांत भेटतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. पैसे वाचवा, काड्या आणा.

## पुन्हा २६ आलं तर

येणारच, दिवाळीच्या सुट्टीनंतर हमखास. ओरडू नका, पायरी १ पासूनही सुरू करू नका. "बावन्न मांड" म्हणा, एकदा रबर सुटू द्या, बहुतेकांना तेवढं पुरतं. आणि काड्यांचा डबा टाकू नका. पुढे ४०३ − १५८ येतं तेव्हा आणखी साडेतीनशे काड्या लागतात आणि दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधावा लागतो. त्याला भाजीचा रबर पुरत नाही, सुतळी घ्या.